पुरुषांचा देह, आहार आणि लैंगिक कल
खाण्याचे विकार, म्हणजे अतिरेकी उपासमार, अनावर खाणे किंवा खाल्लेले मुद्दाम ओकून टाकणे, हे स्त्रियांचेच दुखणे मानले जात असल्याने पुरुषांमध्ये ते सहसा ओळखले जात नाहीत. समलिंगी व उभयलैंगिक पुरुषांत त्यांचे प्रमाण अधिक असल्याचे पाश्चात्त्य अभ्यासांत आढळले असून, त्याचे कारण लैंगिक कल नव्हे, तर कलंक, छळ आणि देखणेपणाचे दडपण यांत शोधले जाते. शरीर पिळदार असूनही स्वतःला किरकोळ समजण्याच्या विकाराला ‘मसल डिसमॉर्फिया’ म्हणतात व तो व्यायामाच्या शिस्तीआड लपतो. मदत मागताना कायद्याची भीती बाळगण्याचेही कारण नाही: ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. त्यामुळे हुबळी-धारवाडच्या रुग्णाने धारवाडच्या ‘डिमहान्स’ या मानसोपचार संस्थेत किंवा ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर निःसंकोच मदत मागावी.