आधी ताप मोजा
(वसंत व्याख्यानमालेतील एक व्याख्यान, यवतमाळ)

पत्रिकेत विषय छापला होता : 'गेमिंग लॅपटॉप का मंदावतो? ग्राफिक्स ड्रायव्हरच्या अडचणी आणि उपाय'. वक्त्यांनी पहिल्या पाच मिनिटांतच त्यातला ड्रायव्हर बाजूला ठेवला. मार्च संपला की या जिल्ह्यात जे लॅपटॉप रडायला लागतात, त्यांतल्या बहुतेकांच्या ड्रायव्हरला काहीही झालेलं नसतं, त्यांना ताप आलेला असतो, असं त्यांचं ठाम मत. दत्त चौकाच्या आसपास लॅपटॉप उघडण्यात ज्याची उमेदीची वर्षं गेली, त्या माणसाचं हे मत असल्यामुळे सभागृहाने ते मुकाट ऐकून घेतलं. मागच्या रांगांतली इंजिनिअरिंगची पोरं मात्र ड्रायव्हरसाठीच आली होती. त्यांची चुळबुळ तेव्हाच सुरू झाली.

"ड्रायव्हर म्हणजे काय हे तुम्हा सर्वांना ठाऊकच आहे," असं म्हणून वक्ते पुढे सरकले. पुढच्या रांगांत व्याख्यानमालेचे नेहमीचे श्रोते बसतात. विषय ज्ञानेश्वरीचा असो की कर्करोगाचा, ते येतातच. त्यांच्यातल्या एकाने शेजाऱ्याला हळूच विचारलं आणि शेजाऱ्यानेही खांदे उडवले. त्यांच्यासाठी एवढंच सांगायला हवं होतं की गेमने मागितलेलं चित्र ग्राफिक्स चिपला कळेल अशा हुकमांत उतरवून देणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. तो जुना, अर्धवट बसलेला किंवा चुकीचा असला की चिप दणकट असूनही चित्र अडखळतं.

दुकानात आलेल्या मुलाला वक्ते पहिला प्रश्न 'कोणता ड्रायव्हर आहे?' असा विचारत नाहीत. ते विचारतात, 'कधी मंदावतो?' गेम सुरू केल्याच्या पहिल्या मिनिटापासून रडत असेल तर संशय ड्रायव्हरवर, सेटिंगवर किंवा चार्जरवर. दहा-पंधरा मिनिटं झकास चालून मग मान टाकत असेल, आणि थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा तरतरीत होत असेल, तर ड्रायव्हरला हातही लावू नका. ड्रायव्हर घड्याळ पाहून बिघडत नाही. संध्याकाळभरात सर्वांत कामाची गोष्ट हीच होती, आणि वक्त्यांनी ती जवळजवळ जाता जाता सांगितली.

मग आकडे आले. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सियसच्या घरात असते, ग्राफिक्स चिपा बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या लॅपटॉप चिपा साधारण ८७ अंशांच्या आसपास हात आखडतात. त्या रेषेला टेकलं की चिप जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग उतरवते. पडद्यावर सेकंदाला साठ फ्रेम दिसत होत्या तिथे पंचवीस दिसायला लागतात. एकही एरर येत नाही, म्हणून मुलगा दोष देतो तो काल रात्री बदललेल्या ड्रायव्हरला. बहुतेक लॅपटॉपांबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत वापराचं तापमान ३५ अंशांपर्यंत दिलेलं असतं. वक्त्यांनी हे वाचून दाखवलं आणि नुसतं छताकडे पाहिलं. यवतमाळात मे महिन्यात पारा ४४ च्या वर जातो, हे इथे कोणाला सांगायचं? सभागृहातला सर्वांत मोठा हशा तिथे झाला. खोलीचं तापमान वीस अंशांनी चढलं की आतल्या चिपचंही जवळपास तितकंच चढू पाहतं, कारण पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. थंडी बनवायचं यंत्र त्याच्याकडे नाही.

त्यात धूळ. पंख्यासमोर तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक पात्यांची एक जाळी असते, तिच्यातून गरम हवा बाहेर पडते. पंखा आणि जाळी यांच्या मधल्या फटीत धुळीचा थर नमद्यासारखा बसतो. बाहेरून फुंकर मारून तो हलत नाही, पंखा सोडवावाच लागतो. जिनिंगच्या परिसरातला लॅपटॉप उघडला की रुईचे तंतू निघतात आणि वणीच्या कोळसापट्ट्यातला उघडला की काळी पूड. यंत्र कुठल्या तालुक्यातलं आहे हे आपण न विचारता सांगतो, असा वक्त्यांचा दावा. तो थोडा वाढवलेला असणार, पण टाळ्या मिळाल्या.

कूलरच्या बाबतीत त्यांनी बऱ्याच घरांना दुखावलं. लॅपटॉप थेट कूलरच्या झोतात ठेवणं ही विदर्भातली रीतच होऊन बसली आहे. हवा गार होते हे खरं, पण ती ओली असते, आणि पॅड जास्त भिजला असेल तर तुषारही उडतात. कूलर खोली गार करायला ठेवा, झोत लॅपटॉपवर नको. "काहून, आम्ही तर दहा वर्षं ठेवून राह्यलो!" असा आवाज आलाच. "राजेहो, ठेवा ना. माझं दुकान त्याच्यावरच चालते," वक्ते म्हणाले.

इथून व्याख्यान शकुंतला या जुन्या रेल्वेगाडीत चढलं आणि बराच वेळ उतरलंच नाही. इंजिन बदललं म्हणजे वेग येतो हा भ्रम आहे, एवढं सांगण्यापुरतीच गाडी हवी होती. यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटर, अडीच फुटी नॅरोगेज. इंग्रजी अमलात वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या वाटेला लावायला घातलेली लाइन, स्वातंत्र्यानंतरही खासगी कंपनीच्या मालकीची राहिलेली. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं, मग डिझेल आलं. नवं इंजिन, रूळ मात्र तेच. गाडी शेवटपर्यंत रमतगमतच गेली. ड्रायव्हर नवा टाकून जाळीतली धूळ तशीच ठेवणाऱ्यांना त्यांचा हा टोला होता. पण शकुंतलेचं नाव निघालं आणि पुढच्या रांगा जाग्या झाल्या. कोणाला दारव्हा स्टेशन आठवलं, कोणी गाडी पुन्हा कधी सुरू होणार ते विचारलं. जणू रेल्वेमंत्रीच व्यासपीठावर बसले होते.

वक्त्यांनाही मूर्तिजापूर सोडवेना. त्याच तालुक्यातलं मुरंबा हे डॉ. विजय भटकर यांचं गाव. त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला. त्याच सी-डॅकचा परम सिद्धी-एआय नोव्हेंबर २०२० मध्ये जगातल्या पाचशे वेगवान संगणकांच्या यादीत ६३ व्या क्रमांकावर होता. त्यात एनव्हिडियाच्या ए१०० चिपा आहेत. गेमिंग लॅपटॉपमधली चिप त्यांच्याच गोतावळ्यातली. मुद्दा असा की तसली यंत्रं बसवताना उष्णता बाहेर कशी काढायची याचा आराखडा आधी होतो, आणि आपण मात्र तीच जातकुळी गादीवर, उशीला टेकवून, मे महिन्यात चालवतो. मुद्दा बिनतोड होता. त्यासाठी मूर्तिजापूरमार्गे पुण्याला जायची गरज होती का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

संयोजकांची चिठ्ठी आली : दहा मिनिटं. ड्रायव्हर अजून फलाटावरच.

मागच्या रांगेतला एक विद्यार्थी न राहवून उभा राहिला. सगळं तापावर ढकललं तर खरे दोष कोण पाहणार, असा त्याचा सूर होता, आणि तयारी करून आला होता. २००७ मध्ये नोंदल्या गेलेल्या विंडोज व्हिस्टाच्या क्रॅशपैकी जवळपास २९ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांमुळे झाले, ही मायक्रोसॉफ्टची आकडेवारी पुढे एका खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आली. फेब्रुवारी २०२३ च्या शेवटी आलेला ५३१.१८ हा ड्रायव्हर गेम बंद केल्यावरही प्रोसेसर खात बसायचा, मार्चमध्ये ५३१.२६ ही तातडीची दुरुस्ती काढावी लागली. डिसेंबर २०२४ मध्ये एनव्हिडिया अ‍ॅपमधल्या गेम फिल्टर आणि फोटो मोडमुळे काही गेम १५ टक्क्यांपर्यंत मंदावत होते, तो पर्याय बंद केला की वेग परत यायचा. यांतलं काहीच उन्हाळ्याने केलेलं नाही.

वक्ते म्हणाले की अपवाद सगळीकडेच असतात. मुलाने शेवटचा बाण राखून ठेवला होता. "सर, तुम्ही ज्या आकड्यावर तापाचं निदान करता, तो आकडाही ड्रायव्हरच देतो." एप्रिल २०२५ मध्ये ५७६.०२ या ड्रायव्हरवर संगणक झोपेतून उठला की चिपचं तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रामांना नवा आकडाच मिळत नव्हता. ५७६.१५ या दुरुस्तीने ते सुधारलं.

क्षणभर वक्ते गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणून तर मी हात लावून पाहतो." हशा झाला, पण उत्तर पुरलं नाही हे त्यांनाही कळलं असावं, कारण लगेच त्यांनी स्वतःहून १९६.७५ चं प्रकरण काढलं. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाला हा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. गेम चालू असताना तो पंख्याचा वेग नीट सांभाळत नव्हता आणि कार्ड तापत होती. "आता सांग, ताप झाला की नाही?" विद्यार्थी म्हणाला, "झाला, पण ड्रायव्हरमुळे." दोघेही आपण जिंकलो असं समजून बसले. ऐकणाऱ्याला विद्यार्थ्याचं पारडं किंचित जड वाटलं.

उरलेली पाच मिनिटं पळापळीची, आणि पोरं लिहून घ्यायला लागली ती इथेच. टास्क मॅनेजर उघडा आणि गेम चालू असताना काम कोणती चिप करते ते पाहा. गेमिंग लॅपटॉपमध्ये बहुधा दोन असतात, आणि गेम चुकून प्रोसेसरमधल्या साध्या चिपवर चालत असला तर विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये त्या गेमला 'हाय परफॉर्मन्स' द्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसलं तर ड्रायव्हर बसलेलाच नाही. पडदा काळा होऊन परत येत असेल तर चिपने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने तिला पुन्हा उठवलेलं असतं. त्याचं कारण ड्रायव्हरही असू शकतो आणि हो, तापही. अपडेटनंतर लगेच बिघडलं असेल तर 'रोल बॅक ड्रायव्हर'. तेवढ्याने भागलं नाही तर इंटरनेट तोडा, सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या प्रोग्रामने जुना ड्रायव्हर मुळापासून काढा, मग लॅपटॉप कंपनीच्या किंवा चिप कंपनीच्या साइटवरून आधीच उतरवून ठेवलेला टाका. इंटरनेट तोडायचं ते अशासाठी की मधल्या वेळात विंडोज अपडेट आपल्या मनाने भलताच ड्रायव्हर बसवतं. 'तुमचे सगळे ड्रायव्हर फुकट अपडेट करू' म्हणणारे प्रोग्राम घेऊ नका. जीटीएक्स १०५० वगैरे जुन्या चिपांचे सेकंडहँड लॅपटॉप घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, ऑक्टोबर २०२५ नंतर त्या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर बंद झाले, आता फक्त सुरक्षेपुरते येतात.

आभाराचे हार आले तरी पहिल्या रांगेतल्या एका आजोबांचा हात वरच होता. नातू म्हणतो, व्होल्टेज कमी म्हणून लॅपटॉप हळू चालतो, खरं का? वक्ते उभ्याउभ्याच म्हणाले, अ‍ॅडाप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असते, तेवढ्यात त्याले काही होत नाही. पण लाइन गेल्यावर बॅटरीवर खेळला तर वेग पडणारच, आणि मूळ अ‍ॅडाप्टर २३० वॅटचा असताना मोबाइलचा ६५ वॅटचा टाइप-सी लावला तरी पडणार. नातवाला अ‍ॅडाप्टर घेऊन उद्या दुकानात पाठवा. दहानंतर, पण बाराच्या आत. मग ऊन होते.