भाव कोण ठरवतं?

(शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)



सकाळपासून आपण हजेरीबद्दल बोलतोय. बाईला गड्याच्या बरोबरीने पैसे का नाहीत, असं विचारलं की गावात एक उत्तर तयार असतं. "बाजारात जो भाव आहे तो आहे. मागणी-पुरवठ्याचा प्रश्न आहे." हा शब्द आला की आपण गप्प बसतो. पाऊस पडतो तसा भाव पडतो, त्यात कुणाचा हात नसतो, असं आपल्याला वाटायला लागतं. म्हणून आज मी याच शब्दाबद्दल बोलणार आहे.

समाजकार्याचं शिक्षण घेताना आम्हाला अर्थशास्त्र होतं. फळ्यावर दोन रेघा काढायच्या, एक मागणीची, एक पुरवठ्याची. जिथे त्या छेदतात तिथे भाव. मी पास झाले, पण मला ते कळलं शिरूर तालुक्यातल्या एका गावात, कांद्याच्या लागणीच्या वेळी. सगळ्यांची रोपं एकदमच लागणीला आली होती. बाया मिळत नव्हत्या. शेतकरी शेजारच्या गावांतून पिकअप भरून बाया आणत होते. फळ्यावरच्या हिशेबाने हजेरी वाढायला हवी होती. बैठकीत मी तसं विचारलं, तर एक मावशी म्हणाल्या, "बाईची हजेरी ठरलेली असती ताई. ती कशी वाढंल?" त्याच शेतात दारं धरणाऱ्या गड्याला शंभर-दोनशे रुपये जास्त होते. त्याचं काम जड म्हणे! आणि दिवसभर चिखलात वाकून रोप लावायचं, ते काम हलकं!

त्याच गावातल्या दुसऱ्या आळीच्या नऊ जणींनी मात्र एकरावर उक्तं काम घेतलं होतं, तेही वाढीव भावाने. कसं जमलं, असं विचारलं तेव्हा त्यांच्यातली एक म्हणाली, "काय नाही. आम्ही दोन दिस घरी बसलो."

माझं आजचं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे. मागणी आणि पुरवठा खरे आहेतच. पण सौद्यात ज्याला थांबता येतं, त्याचं पारडं जड होतं.

आपल्या ओळखीचा कांदाच घ्या. हळवा कांदा टिकत नाही. काढला की विकावा लागतो, मिळेल त्या भावाने. गरवा कांदा बराखीत चार-पाच महिने राहतो. पण बराख कुणाकडे असते? ज्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे, पोरीचं लग्न ठरलंय, तो गरवा कांदासुद्धा काढल्या काढल्या बाजारात नेतो. सगळ्यांचा माल एकदम येतो, भाव पडतो. त्या पडल्या भावाने घेऊन ठेवतो तो व्यापारी. चार महिन्यांनी भाव चढतो तेव्हा शेतकऱ्याची बराख रिकामी असते.

आणि मागणी काय आपोआप कमी-जास्त होते? ८ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. ती मे २०२४ मध्ये उठली, तीही ४० टक्के निर्यातशुल्क लावून. परदेशात खाणारे होते, आपल्याकडे कांदा होता, मधली वाट एका आदेशाने बंद झाली. शहरातल्या गिऱ्हाइकाला कांदा स्वस्त मिळावा म्हणून हे केलं. शहरातली गरीब बाईसुद्धा आपलीच आहे, हे मी विसरत नाही. पण तिच्या स्वस्ताईची किंमत कांदा पिकवणाऱ्या घराने भरली, आणि त्या घरातून ती आपल्या हजेरीपर्यंत आली. "भावच नाही तर तुम्हाला कुठून देऊ?" हे आपण सगळ्यांनी ऐकलंय.

हे म्हणणारा दरवेळी खोटं बोलत नाही. दीड-दोन एकराचा शेतकरी आपला शत्रू नाही. आपल्यातल्या कितीतरी जणी सकाळी स्वतःच्या वावरात खुरपतात आणि मग दुसऱ्याच्या बांधावर रोजाने जातात. १९८० साली चाकणला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने कांद्याच्या भावासाठी रस्ता अडवला. १९८६ साली याच संघटनेच्या चांदवडच्या अधिवेशनात हजारो शेतकरी बाया जमल्या. शेतमालाला भाव हवा, ही मागणी आपलीही आहे. पण भाव वाढला म्हणजे हजेरी आपोआप वाढते, यावर विसंबू नका. चांगल्या भावाच्या वर्षी तुमची हजेरी किती वाढली, ते आठवून बघा.

आता आपल्या मालाकडे या. आपला माल म्हणजे आपली मेहनत. ती हळव्या कांद्यापेक्षाही नाशवंत आहे. आजचा दिवस विकला गेला नाही तर तो उद्या विकता येत नाही. संध्याकाळी चूल पेटवायची असते, म्हणून बाई थांबू शकत नाही. शिवाय ती लांब जाऊ शकत नाही. रांजणगाव आणि कुरकुंभला एमआयडीसी झाल्या, तसे तरुण गडी मोटारसायकलवर कंपनीत जाऊ लागले. शेताला बाया जास्त लागायला लागल्या. मग भाव का चढला नाही? कारण बाईला स्वयंपाक करून निघायचं, लेकरू शाळेतून यायच्या आत परतायचं. तिच्या पायाच्या अंतरात शेतं चार, आणि त्या चौघांनी पारावर बसून हजेरी ठरवलेली. मालकांनी मिळून दर ठरवला तर तो बाजारभाव, आणि बायांनी ठरवला तर ती दांडगाई!

उसाच्या फडात तर बाईला वेगळा भावच नाही. बीड, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात, त्यांचा हिशेब कोयत्यावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. बाई तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते. पण उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते. तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. जानेवारी २०२४ मध्ये संपाच्या इशाऱ्यानंतर तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. हंगाम चालू असताना कारखान्याला थांबणं परवडत नाही, हे मजुरांना माहीत होतं.

मग आपल्याला थांबता कसं येईल? महाराष्ट्राने याचं एक उत्तर शोधलं होतं. १९७२ च्या दुष्काळात कामावर हजारो बाया आल्या. त्यातून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला, आणि २००५ मध्ये देशाचा. सरकारी कामावर बाई-गडी एकच दर. "नाहीतर मी हमीच्या कामावर जाईन" एवढं म्हणता आलं, तरी बांधावरची बोलणी बदलतात. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवस १०० चे १२५ झाले. पण पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षात एकूण ६० दिवस कामं बंद ठेवण्याची तरतूदही आहे, शेताला मजूर मिळावेत म्हणून. म्हणजे आपल्या मेहनतीला सर्वांत जास्त मागणी असेल, नेमका तेव्हाच दुसरा दरवाजा बंद. आपल्या तालुक्यात ते दिवस कोणते धरतात, यावर लक्ष ठेवा. ग्रामसभेत विचारा.

समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ साली आला, पुढे तो २०१९ च्या वेतन संहितेत घेतला गेला. पण कायदा बांधावर चालत येत नाही, त्याला आपण घेऊन जावं लागतं.

परत गेल्यावर तीन गोष्टी करू या. लागणीच्या आधी, रोपं वाफ्यात असतानाच, गावातल्या सगळ्या बायांनी बसून दर ठरवायचा. शेजारच्या गावांतल्या बायांनाही बोलवायचं, कारण पिकअप तिकडूनच येते. आणि बचत गटात एक रक्कम बाजूला ठेवायची, घरी बसलेल्या दिवसांच्या पीठमिठासाठी.

त्या नऊ जणींना मी नंतर विचारलं होतं, त्या दोन दिवसांत खाल्लं काय? त्या म्हणाल्या, दोघींच्या घरात ज्वारी होती, ती नऊ घरांत वाटून घेतली.