आखाजीची घागर



वैशाख शुद्ध तृतीयेला आपल्या खानदेशात आखाजी म्हणतात, हे जळगाव-धुळ्याच्या श्रोत्यांना सांगायला नको. या एका सणाला दोन बाजू आहेत. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. आणि त्याच दिवशी घरातला कर्ता पुरुष गेलेल्या माणसांसाठी पाण्याची घागर भरतो. मुलाने बापासाठी घागर भरावी, हा क्रम. काही घरी तो उलटतो. आमच्या घरी गेल्या वर्षी उलटला. पेन्शन खाणाऱ्या बापाने कमावत्या मुलाची घागर भरली. तेव्हा आजचा विषय आम्ही पुस्तकातून निवडलेला नाही.

मराठी रंगभूमीने हे दुःख पूर्वीच ओळखले. जयवंत दळवींचे 'संध्याछाया' १९७० च्या दशकात आले. त्यातल्या नाना-नानींचा एक मुलगा अमेरिकेत, दुसरा वायुदलात. तो युद्धात कामी येतो. त्या नाटकात खलपुरुष शोधून सापडत नाही. मुले वाईट नाहीत, आईबाप हट्टी नाहीत. तरी घर रिकामे आहे.

पूर्वी शेतावरच्या म्हाताऱ्याला निवृत्ती ठाऊक नव्हती. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) तरुणपणीच विधवा झाल्या. पण शेत, जाते आणि चूल यांनी त्यांना बसू दिले नाही. भोवती माणसांचा राबताही असे. नोकरदाराचे तसे नाही. ठरल्या तारखेला त्याचे काम सुटते, मुले पुण्या-मुंबईला जातात आणि मागे दोघेच उरतात. मग दुःख आले, तर वाटून घ्यायला तिसरे माणूस नसते. आम्ही उभयतांनी कित्येक महिने मुलाचे नावच घेतले नाही. तिला त्रास नको म्हणून आम्ही गप्प, आम्हांला त्रास नको म्हणून ती गप्प. हे मौन प्रेमाचे खरे. परंतु त्याने घर अधिकच अंधारते.

ते मौन आमच्या सूनबाईने मोडले. नोकरीसाठी ती पुण्याला गेली होती. एके दिवशी येऊन म्हणाली, "बाबा, मी पुन्हा लग्न करावे म्हणते. तुम्हांला विचारल्यावाचून करणार नाही."

खरे सांगतो, आमचे पहिले उत्तर चांगले नव्हते. आयुष्यभर सुधारणेवर बोललेला माणूस उंबरठ्यावर अडखळला. १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक दिली, पण लग्न करताच पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क काढून घेतला. पुढे १९५६ च्या वारसा कायद्याने विधवेला मिळालेला वाटा पूर्ण तिच्या मालकीचा केला. आपल्या शेतकरी समाजात तर पाटाची चाल कायद्याच्याही आधीची. म्हणजे कायदा आड येत नव्हता, रूढीही येत नव्हती. आड येत होतो आम्ही. ती गेली तर मुलाची उरलीसुरली खूणही जाईल, ही आमची भीती होती. तिच्या आयुष्यावर आम्ही आमच्या दुःखाचा पहारा बसवू पाहत होतो.

रात्री आमची पत्नी म्हणाली, "तो असता तर त्याने तिला असे अडवले असते का?" त्या रात्री आम्ही दोघे मुलाविषयी पहाटेपर्यंत बोललो. पहिल्यांदाच.

मंडळी, नवी पिढी आपल्याला विसरते, असे आपण म्हणतो. कधी कधी ती आपल्याला विचारायला येते, आणि आपणच दार लोटून घेतो. एवढे टाळले, तरी म्हातारपण पुष्कळ हलके होईल.

सूनबाईचे लग्न झाले. यंदा आखाजीला ती जोडीने येणार आहे; सासरी नव्हे, माहेरी. आम्ही घागर भरू आणि अंगणातल्या निंबाला झोकाही बांधू.