घर घ्यावं कुठं?



पुढं सरकून बसा. मागं रस्त्यात माणसं उभी आहेत, त्यांना जागा द्या. हॉर्न वाजतोय, वाजू द्या. ही गुलमंडी आहे. सुपारी मारुतीरायासमोर घंटा आणि हॉर्न दोन्ही एकदमच वाजतात, त्यालाही आता त्याची सवय झाली असेल.

आज दुपारी एक तरुण गृहस्थ भेटायला आले. इथलेच, मागच्या गल्लीतले. नोकरी वाळूजच्या कारखान्यात. म्हणाले, ‘महाराज, वाड्यात आता राहवत नाही. गाडी लावायला जागा नाही, रात्री अकरापर्यंत गोंगाट, लेकराचा अभ्यास होत नाही. देवळाईकडं एक रो-हाऊस पाहिलंय. पुढं अंगण, दोन झाडं, आजूबाजूला मोकळे प्लॉट, इतकं शांत की पाखरू बोललं तर ऐकू येतं. घ्यावं का? आई नाही म्हणते.’

आता कीर्तनकाराला असा प्रश्न विचारावा का? विचारावा. घर हा प्रपंचातला सगळ्यात मोठा व्यवहार, आणि आपले नाथमहाराज गृहस्थच होते की. गुहेत नाही राहिले, पैठणच्या भरवस्तीत राहिले. त्या वाड्यातला रांजण आजही नाथषष्ठीला भरतात, हे वारकऱ्यांना मी सांगायला नको.

नाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावर टीका लिहिली, शके १४९५ मध्ये काशीला पूर्ण केली. त्यात अवधूताचे चोवीस गुरू आहेत. यदुराजा विचारतो, ‘तू एवढा निश्चिंत कसा?’ आणि अवधूत एकेक गुरू सांगत जातो. त्यातला एक गुरू साप. साप काही घर बांधत नाही, दुसऱ्यानं केलेल्या बिळात राहतो आणि सुखात असतो. घर बांधायची खटपट दुःखाला कारण, असं अवधूत त्याच्यापासून शिकला. हे मी सांगितलं की भाड्यानं राहणारे माना डोलावतात! पण बाबांनो, तो अवधूत होता. त्याला लेकराची शाळा बघायची नव्हती. तुमच्यासाठी त्याच चोविसांत दुसरी एक गुरू आहे, ती नीट ऐका.

एक कुमारी होती. तिला बघायला पाहुणे आले आणि घरात आई-बाप नाहीत. पाहुण्यांना जेवायला तर घातलं पाहिजे. घरात तांदूळ कांडलेले नव्हते. ती आत बसून साळी कांडायला लागली, तर हातातली काकणं वाजायला लागली. बाहेर पाहुण्यांना कळेल ना, की या घरात तांदूळसुद्धा तयार नाहीत! तिला लाज वाटली. तिनं एकेक काकण उतरवलं, दोन्ही हातांत दोन-दोन ठेवली. तरी वाजतात. मग आणखी एकेक काढलं. राहिलं एकेकच. (बायामंडळींनो, दचकू नका, एकेक ठेवलंच तिनं.) मग आवाज बंद.

अवधूत म्हणतो, पुष्कळ जण एकत्र राहिले की भांडण, दोघं राहिले तरी बोलणं, म्हणून एकट्यानं राहावं.

झालं! त्या तरुणाला आयताच दाखला मिळाला. ‘बघा महाराज, शास्त्रच म्हणतंय, गर्दीतून बाहेर पडा.’ मी म्हटलं, थांब. ती पोर घर सोडून गेली का? त्याच घरात राहिली, त्याच उखळापाशी. आणि कांडण थांबवलं का? तेही नाही. आवाज कमी केला तो कशासाठी? दारात बसलेल्या पाहुण्याला सुखानं दोन घास मिळावेत म्हणून. तिची शांतता पाहुण्याच्या कामी आली. तुझ्या रो-हाऊसात पाहुणा कोण येणार आहे, ते मला सांग.

तो गप्प झाला. चांगला मुलगा आहे, रागावला नाही.

पण मी काही ‘जाऊ नको’ असं म्हणत नाही. गावाबाहेर मोकळ्या जागेत राहावंसं वाटणं हे काही कलियुगाचं खूळ नव्हे. हे शहरच बघा. मलिक अंबरानं १६१० मध्ये खडकी वसवली, पुढं मोगलाई आली, आणि मोठमोठे सरदार बाहेर पुरे वसवून राहिले. जयसिंगपुरा, भावसिंगपुरा, पदमपुरा, कर्णपुरा ही सगळी राजपूत सरदारांची नावं. तेव्हाची मोकळी, बागांची वस्तीच ती. आज कर्णपुऱ्यात नवरात्रात तुम्ही देवीला जाता तेव्हा पाय ठेवायला जागा मिळते का? १९७२ साली सिडको आली. एन-वन, एन-टू अशी नावं ऐकून गुलमंडीवाले हसायचे, ‘एवढ्या माळावर कोण जाईल!’ गेले. बैठी घरं होती, पुढं वाफा, वाफ्यात तुळस. मग वर एक मजला झाला, पुढं दुकान झालं. २००६ मध्ये सिडकोनं तो भाग महापालिकेकडं दिला. आता सिडकोतली माणसं म्हणतात, ‘फार गर्दी झाली, साताऱ्याकडं जावं.’

म्हणून त्या तरुणाला म्हटलं, तू जी शांतता विकत घेतोयस ती तुझ्या प्लॉटवर नाही, शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर आहे. तो दुसऱ्याचा आहे. त्यानं उद्या तिथं चार मजले चढवले तर पाखरू गेलं आणि मिक्सर आला. घर घेताना समोरच्या मोकळ्या जागेला काय आरक्षण आहे, रस्ता किती रुंद होणार आहे, हे विकास आराखड्यात बघून ये. बाग दाखवली असेल तर ती नकाशात आहे का बघ. माहितीपत्रकातली बाग फार लवकर सुकते.

आता थोडं व्यवहाराचं बोलतो. कुणी म्हणेल, कीर्तनात सातबारा कशाला? म्हातारपणीची पुंजी बुडाली की माळ हातात धरवत नाही, बरं का, म्हणून बोलतो. आपल्या शहराभोवती गुंठेवारी फार. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. शेताचे गुंठे पाडायचे, बाँड पेपरवर लिहून द्यायचे, रजिस्ट्री नाही, अकृषिक परवाना नाही. शेकडो गरिबांनी असेच प्लॉट घेतले आणि पोटाला चिमटा काढून घरं बांधली. त्यांच्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करायचा कायदा आला, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना दार उघडलं. ज्यांचं जुनं घर असं आहे त्यांनी ते रीतसर करून घ्यावं. पण आज नव्यानं घेणाऱ्यानं ‘पुढं नियमित होईलच’ या भरवशावर एक रुपया देऊ नये. सातबाऱ्यावर नाव कुणाचं, ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा आहे का, बहिणींची नावं वगळून तर विकत नाही ना, हे वकिलाकडून शोधून घ्या. अकृषिक आदेश आणि मंजूर ले-आऊट डोळ्यांनी बघा. रेराचा नोंदणी क्रमांक विचारा. लहान प्रकल्पांना त्यात सूट असते, तसं सांगितलं तर का सूट आहे तेही विचारा. रेराखालच्या प्रकल्पात करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागायचा त्याला हक्क नाही.

आणि पाणी! आधी पाणी विचारा, फरशीचा रंग नंतर. हे शहर नाथसागराचं पाणी पितं. पैठणहून ते चढ चढून इथं येतं. रामेश्वरासाठी आणलेली कावड नाथांनी तहानलेल्या गाढवाला पाजली, आणि त्याच नाथांच्या गावचं पाणी आपल्याला नळानं येतं, तेही दररोज नाही, दिवसाआड नाही, किती दिवसांआड ते तुम्हीच सांगा! बाहेरच्या वसाहतीत तर बोअर आणि टँकर. म्हणून घर बघायला पावसाळ्यात जाऊ नका, मे महिन्यात जा. शेजारणीला विचारा, ‘टँकर महिन्याला किती लागतात?’ दलालापेक्षा ती खरं सांगेल.

मग येतो कबुतराचा जोडा. तोही चोविसांतला गुरू. घरट्यावर आणि पिलांवर इतका जीव की पिलं जाळ्यात सापडली तशी कबुतरीणही पडली आणि तिच्यामागं कबुतरही. अहो, कर्जाचं जाळंही दाणे टाकूनच मांडलेलं असतं. तीस लाखांचं कर्ज, नऊ टक्के, वीस वर्षं. हप्ता येतो सुमारे सत्तावीस हजार, आणि वीस वर्षांत भरता जवळपास पासष्ट लाख. एवढं झेपत असेल तर घ्या, आनंदानं घ्या. पण त्या हप्त्यापायी बाप रात्रपाळी करतो, माय शिवणकाम करते आणि लेकरू त्या शांत घरात कुलूप लावून एकटं बसतं, तर मग अंगणातल्या झाडाखाली बसायचं कुणी?

आता आईचं. मी विचारलं, ‘आई नाही का म्हणते?’ तो म्हणाला, ‘हट्ट आहे.’ मग मी वाड्यात गेलो. माउली पंच्याहत्तरीच्या आहेत. त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘महाराज, घर चांगलंय. मी बघून आले. पण शनिवारी मारुतीला मी माझ्या पायानं जाते. औरंगपुऱ्यात भाजी माझ्या हातानं निवडते. चार ओळखीच्या भेटतात. तिथं मला मुलाला म्हणावं लागेल, बाबा, वेळ असेल तर मला नेतोस का?’

हा हट्ट आहे का, सांगा बरं?

नाथांच्या घरातही असंच झालं होतं. मुलगा हरिपंडित, मोठा विद्वान. वडिलांचं प्राकृतात सांगणं आणि कुणाच्याही घरी जेवणं पटेना, म्हणून रागानं काशीला निघून गेला. नाथ त्याला आणायला गेले. मुलानं दोन अटी घातल्या, बापानं दोन्ही मान्य केल्या. एवढा मोठा नाथ! मुलाचं ऐकलं, घर एक केलं, आणि कोण बरोबर ते पुढं मुलाला आपोआप कळलं, अशी चरित्रात गोष्ट येते. मग आपल्याला थोडं मागंपुढं व्हायला काय हरकत आहे?

मी त्या दोघांना समोरासमोर बसवलं. मुलाला म्हटलं, कागद करण्याआधी आईला घेऊन त्या वसाहतीत आठ दिवस भाड्यानं राहून बघ. एखादी खोली मिळेल. आई चालत देवळापर्यंत जाऊ शकते का, रात्री तिला दम लागला तर दवाखाना किती लांब, सिटी बस किती वाजता येते, दुपारी सूनबाईशी बोलायला कोण आहे, हे मोजून घे. आईला म्हटलं, तिथं साताऱ्याचा खंडोबा आहे, चंपाषष्ठीला एवढी यात्रा भरते. तोही आपलाच आहे, एकदा त्याच्या पायरीवर बसून बघा. वाडा मात्र लगेच विकू नका. वाटण्या, वारसांच्या सह्या, हे निवांतपणे होऊ द्या. खालची खोली ठेवली तर शनिवारी टेकायला जागा राहील.

माउली हसल्या. म्हणाल्या, ‘आठ दिवस चालेल. पण एकादशीला मी इथंच.’

परवा ते निघणार आहेत. कुणाची तिकडं रिकामी खोली असेल तर कीर्तन संपल्यावर मला भेटा. आता टाळ घ्या हातात, मृदंगवाले माउली, सुरू करा.