आपल्या हातात काय आहे?



आज मला बोलायला दिलेला विषय आहे 'वैयक्तिक जबाबदारी आणि सकारात्मक दृष्टिकोन'. विषय ऐकून काही जणांच्या कपाळाला आठी पडली असेल. ते साहजिक आहे. हे शब्द आपल्याला बहुतेक वेळा वरून खाली ऐकवले जातात. दोन-दोन महिने पगार थकवणारा मालक कामगाराला सांगतो, सकारात्मक राहा. ज्यांच्याकडे नळाची तक्रार घेऊन जावे ते सांगतात, तुमच्या वस्तीतल्या लोकांनाच जबाबदारी नाही. तेव्हा सुरुवातीलाच एक गोष्ट साफ करते. मी इथे कोणाची वकिली करायला उभी नाही.

आपल्या समाजाची परिस्थिती काय आहे, हे सरकारच्याच कागदावर लिहिलेले आहे. मार्च २००५ मध्ये केंद्र सरकारने न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि नोव्हेंबर २००६ मध्ये तिचा अहवाल आला. २००१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता सुमारे ६५ टक्के होती, मुसलमानांची ५९ टक्के. सरकारी नोकरी, बँकेचे कर्ज, उच्च शिक्षण, सगळीकडे आपण मागे असल्याचे त्या अहवालाने दाखवले. भाड्याने घर मागायला गेल्यावर नाव विचारतात आणि नाव ऐकून 'कालच दिले' म्हणतात, हा अनुभव इथल्या किती जणांना आहे, हे मी हात वर करायला लावून विचारणार नाही. मला माहीत आहे.

हे सगळे आपल्या आळसामुळे झाले असे कोणी म्हणत असेल तर ते खोटे आहे. आणि आता आपण काहीच करू शकत नाही असे कोणी म्हणत असेल, तर तेही खोटे आहे. आज मला या दुसऱ्या खोट्याबद्दल बोलायचे आहे, कारण ते आपल्याच घरात, आपल्याच माणसांच्या तोंडून, अगदी मायेने सांगितले जाते. 'छोड बेटा, अपना कौन सुनेगा.' आई मुलाला सांगते, मुलगा बहिणीला सांगतो, आणि अर्ज लिहिण्याआधीच फाटतो.

मी आपल्या मदत केंद्रावर बसते. माणूस अडचण घेऊन आला की मी कोऱ्या कागदावर मधोमध एक रेघ मारते. रेघेच्या एका बाजूला दुसऱ्यांच्या हातातले, दुसऱ्या बाजूला आपल्या हातातले. पहिली बाजू नेहमी लांब होते. ती लिहू द्यायची, कारण ती खरी असते. पण दुसरी बाजू रिकामी राहिली असे मी अजून पाहिलेले नाही. माझ्या मते जबाबदारी म्हणजे ती दुसरी बाजू. परिस्थितीचा दोष स्वतःवर घ्यायला मी सांगत नाही. आपल्या वाट्याचे काम ओळखा आणि ते वेळेवर करा, एवढेच सांगते.

सुरुवात आपल्या शब्दापासून करू. 'इन्शाअल्लाह' हा किती सुंदर शब्द आहे. मी माझा पूर्ण प्रयत्न करीन, पुढचे अल्लाहच्या मर्जीवर, असा त्याचा अर्थ. आपण त्याचे काय केले? शिंप्याने 'इन्शाअल्लाह चाँदरातीला देतो' म्हटले की गिऱ्हाईक समजते, ईदला जुनेच कपडे घालायचे. गॅरेजवाला 'इन्शाअल्लाह शाम तक' म्हणाला की माणूस रिक्षाने घरी जातो. उंटाला आधी बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. आपण भरवसा ठेवला आणि दोरी विसरलो.

इथे शिवणकाम करणाऱ्या बऱ्याच बहिणी आहेत, म्हणून त्यांच्याच कामातले उदाहरण घेते. रमजानमध्ये कापड घेऊन येणाऱ्याला कोणी नाही म्हणत नाही, कारण गिऱ्हाईक जाईल ही भीती असते. मग वीस जोडांची ताकद असताना चाळीस घेतले जातात. शेवटच्या तीन रात्री जागरण, भांडणे, वाकड्या शिलाया. त्याऐवजी भिंतीवर एक तक्ता लावा. रोज किती जोड होतात ते पंधरा दिवस लिहा. तो आकडा हातात आला की एकविसाव्या गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगता येते, 'ईदनंतर चौथ्या दिवशी देईन.' त्यातले काही जण जातील. जे थांबतील ते पुढच्या वर्षी सगळ्यात आधी तुमच्याकडे येतील. कारागिराची पत हीच त्याची ठेव असते. ज्याला बँक सहजासहजी उभे करत नाही, त्याने तर ही ठेव मोडता कामा नये.

आता कागदाकडे वळते. आमच्या केंद्रावर सर्वाधिक माणसे कशासाठी येतात? नावासाठी. दवाखान्यातल्या फॉर्मवर 'रुकसाना', आधारवर 'रुखसाना', शाळेत 'रुक्साना'. एका कागदावर शेख आधी, दुसऱ्यावर शेख शेवटी, तिसऱ्यावर शेखच नाही. घरात सगळ्यांना माहीत असते की ही एकच मुलगी आहे. पण शिष्यवृत्तीच्या अर्जाला, जातीच्या दाखल्याला, पासपोर्टला ते माहीत नसते. आणि आजच्या काळात मुसलमानाच्या कागदातले एक वेलांटी चुकलेले नाव किती भीती निर्माण करू शकते, हे मी तुम्हाला वेगळे सांगायला नको.

फॉर्म भरणाऱ्या कारकुनाला नावाचा उच्चार कळला नाही, ही रेघेची पहिली बाजू झाली. दुसऱ्या बाजूला काय आहे ते नीट ऐका. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते. दवाखान्यात बाळंतपण झाले तर कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची असते, घरी झाले तर कुटुंबप्रमुखाची. २१ दिवसांनंतर विलंब शुल्क लागते, ३० दिवसांनंतर परवानगी लागते आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत प्रकरण जाते. अकीक्याआधी नाव ठरले नाही तर घाबरू नका. नावाशिवायही नोंद होते आणि वर्षभरात नाव विनाशुल्क भरता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर, त्या तारखेला किंवा नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, आधार, पासपोर्ट, सरकारी नोकरी या कामांना जन्माचा दाखला हाच जन्माची तारीख आणि ठिकाण सांगणारा मुख्य पुरावा ठरला आहे.

म्हणजे दवाखान्याच्या खिडकीवर, बाळाच्या आनंदात, दोन मिनिटे थांबून नाव कसे लिहिले गेले ते वाचणे, यावर त्या बाळाची पुढची वीस वर्षे उभी आहेत. ही दोन मिनिटे कोणाच्या हातात आहेत? मामू गेले होते, शेजारचा पोरगा गेला होता, असे नको. बापाने स्वतः जावे. आईने नाव कागदावर लिहून द्यावे, मराठीत आणि इंग्रजीत, आणि घरातल्या प्रत्येक कागदावर तेच चालवावे. शाळेत नाव चुकले असेल तर मूल शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्या. दहावीचे प्रमाणपत्र हातात पडल्यावर तीच दुरुस्ती फार महागात पडते.

कोणी म्हणेल, आपा, आम्ही जातो हो, पण तिथला माणूस हाकलून देतो. 'उद्या या' म्हणतो. बरोबर आहे. आणि इथेच आपली जबाबदारी आणि सरकारची जबाबदारी एकमेकांना भेटतात. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे आणि ती कार्यालयात फलकावर लावणे बंधनकारक आहे. अर्जाची पोच मिळाली पाहिजे. अर्ज नाकारला तर कारण लेखी दिले पाहिजे. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत पहिले अपील करता येते, पुढे दुसरे, आणि शेवटी लोकसेवा हक्क आयोगाकडे जाता येते. सबळ कारणाशिवाय काम अडवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

पण हा सगळा जिना एका पायरीवर उभा आहे. ती पायरी म्हणजे पोच. तोंडी विचारून परत आलेल्या माणसासाठी कायद्याला काहीच करता येत नाही, कारण कायद्याच्या लेखी तो आलाच नव्हता. म्हणून मी प्रत्येकाला सांगते, खिडकीवर भांडू नका, रडूही नका, पोच मागा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्का घ्या. 'अपना कौन सुनेगा' याचे उत्तर तो शिक्का आहे. ऐकले नाही तर निदान ऐकले नाही हे सिद्ध करता येते.

आता घराबद्दल बोलते, आणि इथे भावांनी थोडे कान उघडे ठेवावेत. आपल्या घरात जबाबदारी हा शब्द मुलीच्या जन्माबरोबर येतो आणि मुलाच्या लग्नानंतर येतो. दहा वर्षांची बहीण भावाचे ताट उचलते, वीस वर्षांच्या भावाला स्वतःचा शर्ट सापडत नाही. मग हाच मुलगा कामावर जातो आणि आपण म्हणतो, आजकालची पोरे टिकत नाहीत. टिकणार कशी? स्वतः मांडलेला पसारा आवरण्याची सवय त्याला लागलीच नाही. कामावरच्या शिस्तीचे पहिले प्रशिक्षण मोरीजवळ मिळते, आपली ताटली आपण धुण्यात. आणि घर चालवणाऱ्या मुलीची जबाबदारी आपल्याला दिसत नाही. तिची दहावी झाली की 'आता बस' म्हणताना परिस्थितीचे नाव पुढे करतो. फीचे पैसे नाहीत ही परिस्थिती झाली. फी माफीचा अर्ज आणलाच नाही, ही परिस्थिती नव्हे.

शेवटी सकारात्मक दृष्टिकोनाबद्दल. मला स्वतःला 'सगळे छान होईल' असे म्हणणाऱ्या माणसांचे फारसे कौतुक नाही. सगळे छान होत नाही. मला कौतुक आहे ते १८ एप्रिल १९६६ या दिवसाचे. त्या दिवशी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने मुंबईत मुस्लीम स्त्रियांचा मोर्चा निघाला. तोंडी तलाक, हलाला आणि बहुपत्नीत्व यांच्या विरोधात. मोर्चात स्त्रिया किती होत्या? सात. फक्त सात. त्यांच्यात मेहरुन्निसा दलवाई होत्या. त्या सात जणी मागे वळून पाहत बसल्या असत्या की अजून कोणी येते का, तर मोर्चा निघालाच नसता. त्यांनी मोजणी केली नाही, निवेदन दिले.

पुढे २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लीम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. दलवाई मूत्रपिंडाच्या आजाराने ३ मे १९७७ रोजी गेले, तेव्हा ते पंचेचाळिशीचेही नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तलाक रद्दबातल ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी. मोर्चानंतर ५१ वर्षांनी. दलवाईंनी तो निकाल पाहिला नाही. आणि त्यांच्या मागण्यांपैकी सगळ्या अजूनही पूर्ण झालेल्या नाहीत.

याला मी सकारात्मक दृष्टिकोन म्हणते. उद्या फळ मिळेल याची खात्री नसताना आजचे काम नीट करणे. त्या सात जणींच्या रेघेची पहिली बाजू आपल्यापेक्षा लांब होती. समाज विरोधात, कायदा विरोधात, संख्या नाही, पैसा नाही. दुसऱ्या बाजूला होते एक निवेदन आणि चालण्यासाठी पाय.

आपल्याला तर आज फार कमी करायचे आहे. म्हणून भाषण संपवण्याआधी एक काम देते. आज घरी गेल्यावर ट्रंकेतली किंवा कपाटातली ती प्लास्टिकची पिशवी काढा, ज्यात सगळे कागद कोंबलेले असतात. घरातल्या प्रत्येक माणसाचे नाव प्रत्येक कागदावर कसे लिहिले आहे, ते एका वहीत उतरवा. जिथे फरक दिसेल तिथे खूण करा. हे काम आईवर ढकलू नका, तरुण मुलांनी स्वतः करावे. पुढच्या रविवारी ती वही घेऊन केंद्रावर या. अर्ज आपण मिळून लिहू. पोच मात्र तुमची तुम्हीच आणायची.

  जय हिंद, जय संविधान.