ओहोटीची वाट



मी सातवी शिकलेली; चूकभूल पोटात घालावी. गेल्या माघात आम्ही उभयता हरिहरेश्वरास गेलो. मुरुडपर्यंत डोंगरकाठच्या वळणांनी मोटार, आगरदांड्याहून दिघीस मोटारीसकट बोटीने खाडी, आणि शेवटी पायी प्रदक्षिणा. देवळामागे कड्यातून पायऱ्या उतरतात. खाली समुद्राने पोखरलेला खडक. ही वाट ओहोटीलाच चालायची. गुरव म्हणाले, "भरती लागली." हे म्हणाले, "एवढ्या लांब आलो, झटकन जाऊन येऊ." मी प्रथमच यांना "नाही" म्हटले. घटकाभरात त्याच खडकांवर लाटा फुटू लागल्या. हे गप्पच राहिले. दुसऱ्या दिवशी ओहोटी पाहून निघालो, तेव्हा म्हणाले, "तू पुढे हो."

भगिनींनो, वेळेवर "नाही" म्हणायला सातवीसुद्धा पुरते.