चाक हलतंय हे आपल्याला कळलं पाहिजे

(मारुंजी येथे स्कूल व्हॅन आणि टेम्पो चालवणाऱ्या स्त्रियांच्या बैठकीत केलेलं भाषण)



गाडी घेऊन आपण गॅरेजात गेलो की पहिला प्रश्न येतो, "साहेब नाही आले?" गाडी आपण चालवतो, हप्ता आपण भरतो, मुलांना शाळेत आपण पोचवतो. पण गाडीला काय झालंय ते समजावून सांगायचं नवऱ्याला किंवा दिराला. मग सांगतील तो खर्च मान्य करायचा, नाहीतर "अजून चालेल" म्हणतील तोवर चालवत राहायचं. यात आपले पैसे जातात, आणि कधी जीवही जाऊ शकतो.

यंत्राचं ज्ञान कुणी जन्मतः घेऊन येत नाही. १९७४ साली टेल्कोने नोकरीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असं छापलं होतं. सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून त्याचा जाब विचारला आणि तिथे इंजिनिअर म्हणून नोकरी मिळवली. आज त्याच कंपनीच्या पिंपरीच्या कारखान्यात गाड्यांच्या जुळणीची एक अख्खी लाइन स्त्रियांच्या हाती आली आहे. गाडी जोडणाऱ्या आपण, चालवणाऱ्या आपण. मग तपासणाऱ्या का नाही?

आज आपण एकच गोष्ट शिकू या: पुढच्या चाकांतला आणि स्टेअरिंगमधला ढिलेपणा. गॅरेजवाले त्याला 'प्ले' म्हणतात.

आधी गाडी काय सांगते ते ऐका. खड्ड्यात पुढून 'खट्खट्' येते का? वेगाबरोबर वाढणारी घरघर आहे का, आणि वळणावर ती बदलते का? सरळ रस्त्यावर स्टेअरिंग सारखं सावरावं लागतं का? ठरावीक वेगालाच स्टेअरिंग थरथरत असेल तर बहुधा चाकाचं बॅलन्सिंग बिघडलेलं असतं. गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी हवा तपासा. प्रत्येक थरथर म्हणजे ढिलेपणा नव्हे.

मग गाडी सपाट जागी लावा, चाकं सरळ ठेवा. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवा. स्टेअरिंग हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवा. चाक हलायला लागण्याआधी ते किती मोकळं फिरतं? छोट्या गाड्यांना साधारण ३० मिलिमीटरपर्यंत, म्हणजे सव्वा इंच, चालतं. आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेत पाहा. त्याहून जास्त फिरत असेल तर पुढे तपासायचं.

आता इंजिन बंद. हँडब्रेक ओढा, गिअर टाका, मागच्या चाकांना दगड किंवा ठोकळे लावा. पुढचं चाक जॅकने उचला आणि खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही. चाकाचे नट घट्ट आहेत ना, तेही पाहून घ्या.

एक हात चाकाच्या वर, एक खाली. वरचा ढकला, खालचा ओढा; मग उलट. चाक हललं तर दुसऱ्या बाईला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर दोष बेअरिंगचा. तरीही हलत असेल तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शन पाहायला हवं.

मग हात डावी-उजवीकडे धरून तसंच करा. वर-खाली घट्ट, पण आडवं 'टक्' वाजतं, तर टाय रॉड एन्ड किंवा रॅक झिजलाय. दुसरीने टाय रॉडच्या सांध्यावर बोट ठेवलं की तो हादरा बोटाला जाणवतो. सांध्याचं रबर फाटलं असेल तर आत माती जाऊन तो लवकर झिजतो. शेवटी चाक हाताने फिरवा. घरघरलं तर बेअरिंग.

हे कळलं की गॅरेजात बोलणं बदलतं. "स्टेअरिंग बघा जरा" असं न म्हणता "डाव्या चाकाला आडवा प्ले आहे, टाय रॉड एन्ड दाखवा" म्हणायचं. अख्खा रॅक बदलायला सांगितला तर कुठे हलतोय ते दाखवायला लावायचं. काढलेला जुना भाग परत मागायचा, बिल घ्यायचं. आणि प्ले काढल्याशिवाय अलाइनमेंट करायचं नाही. सांधा ढिला असताना केलेलं अलाइनमेंट टिकत नाही, पैसे वाया जातात.

ज्यांची गाडी दुसऱ्याच्या मालकीची आहे त्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे. तक्रार केली की मालक म्हणतो, "चालवायची तर चालव, नाहीतर दुसरी बघतो." मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १९० लक्षात ठेवा. माहीत असलेला किंवा साध्या काळजीने कळू शकला असता असा धोकादायक दोष असलेली गाडी चालवणाराही दोषी आणि चालवू देणाराही. म्हणून दोष दिसला की तारीख घालून मालकाला लेखी कळवा, एक प्रत आपल्याकडे ठेवा. एकटीने दिलेल्या कागदापेक्षा पाचजणींनी मिळून दिलेल्या कागदाला वजन असतं.

दर महिन्याच्या बैठकीत आपण एका गाडीचं चाक उचलू या. जॅक आणि स्टँड गटाच्या पैशातून घेता येतील. पाळीपाळीने प्रत्येकीने हात लावायचा, फक्त बघायचं नाही. आपल्या गाडीत रोज दुसऱ्यांची लेकरं बसतात. ती गाडी रस्त्यावर न्यायची की नाही, हे ठरवणारी आपण असलो पाहिजे.